प्रमाणपत्रावरची सही: प्राध्यापक प्रशिक्षणाच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांचे आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक, प्राध्यापक विकास कार्यक्रमांचे आयोजक आणि या कार्यक्रमांना मंजुरी देणारे प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

पाच दिवसांच्या कुठल्याही कार्यक्रमाचं हजेरीपत्रक समोर घ्या. डावीकडे अनुक्रमांक, नाव, महाविद्यालय. पुढे दिवसाला चार सत्रं, म्हणजे एकूण वीस चौकटी. काही नावांपुढच्या वीसही सह्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या आणि एका दमात केलेल्या दिसतात. सोमवारी सकाळच्या सहीचा शेवटचा फराटा जिथे संपतो, तिथूनच पुढची सुरू होते, ती थेट शुक्रवार दुपारपर्यंत. या पत्रकावरून प्रमाणपत्र निघतं. त्यावर समन्वयक सही करतात, प्राचार्य सही करतात, आणि तो कागद पदोन्नतीच्या फायलीत लागतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या हजेरीत असं दिसलं असतं, तर आपण त्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं असतं.

प्रशिक्षणाची आखणी, हजेरीचे हिशेब, कॅसच्या (पदोन्नती योजनेच्या) फायलींची छाननी ही कामं आम्ही करतो. हे पत्र कुणा एका महाविद्यालयाविषयी नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की प्रमाणपत्रावरची सही ही साक्ष असते. अमुक व्यक्ती इतके तास हजर होती आणि तिनं नेमून दिलेलं काम केलं, असं सही करणारा लिहून देत असतो. ही साक्ष खरी ठरेल अशी कार्यक्रमाची बांधणी करणं, हेच आयोजकाचं पहिलं नैतिक काम. ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ या विषयावर पाहुण्यांचं भाषण ठेवणं त्याच्या कितीतरी नंतर येतं.

गाडी रुळावरून घसरते ती नेमकी का, हे आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) १८ जुलै २०१८ची नियमावली आपल्या राज्यानं ८ मार्च २०१९च्या शासन निर्णयानं लागू केली. त्यानुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या स्तर १०वरून ११वर जायचं तर २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग लागतो आणि त्याशिवाय किमान एक आठवड्याचा, म्हणजे पाच दिवसांचा, कार्यक्रम किंवा ‘मूक’ म्हणजे खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमासारखा पर्याय लागतो. त्यापुढच्या टप्प्यांवर दोन आठवड्यांचे, म्हणजे दहा दिवसांचे, कार्यक्रम मोजले जातात. शिक्षकाला कागद हवा तो यासाठी. महाविद्यालयालाही तो हवाच असतो, कारण महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी सहाव्यात किती कार्यक्रम घेतले आणि किती शिक्षकांनी प्रशिक्षण घेतलं हे विचारलं जातं. देणाऱ्याला आकडा हवा, घेणाऱ्याला कागद हवा, आणि मधे काय शिकलं गेलं हे विचारणारं कुणी नाही. बहुतेक गैरप्रकारांचं मूळ या रचनेत आहे. माणसं वाईट आहेत म्हणून हे घडत नाही.

आपल्या जिल्ह्यात त्यात आणखी एक अडचण आहे. आपलं विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं ते एका जिल्ह्यापुरतं. अकरा तालुक्यांत सगळे एकमेकांना ओळखतात. आज जे समन्वयक आहेत ते पुढच्या महिन्यात दुसऱ्या महाविद्यालयात सहभागी असतात आणि त्यानंतर तिसऱ्या ठिकाणी साधनव्यक्ती, म्हणजे व्याख्याते. ‘सर, तेवढं बघा की’ असं समोरून आलं की नाही म्हणणं जड जातं. म्हणून नकार माणसानं द्यावा लागू नये, तो नियमानं आधीच दिलेला असावा. माहितीपत्रकातच लिहून टाका: एकूण ३० तास, पूर्णतेच्या प्रमाणपत्रासाठी किमान २४ तास हजेरी आणि लेखी काम आवश्यक, अपवाद नाही. नोंदणी करतानाच हे वाचलेलं असलं की शेवटच्या दिवशी कुणाचा चेहरा पडत नाही.

हा ३० तासांचा हिशेब साधा आहे: दीड तासाचं एक सत्र, दिवसाला चार, पाच दिवस. चोवीस तास म्हणजे ८० टक्के, म्हणजे वीसपैकी सोळा सत्रं. सभागृहात कार्यक्रम असेल तर पत्रक टेबलावर पडू देऊ नका. प्रत्येक सत्राचं वेगळं पान करा. सत्र सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी ते उचला आणि संपताना दहा मिनिटं आधी दुसरं पान फिरवा. दोन्ही पानांवर सही असेल तरच सत्र धरा. वीस चौकटींचं एकच पत्रक ही सोय नाही, ती खोट्या सहीला दिलेली जागा आहे. उद्घाटन, सत्कार आणि समारोप यांचा वेळ तासांत मोजू नका. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मनोगतं धरून पहिल्या दिवशीचा सकाळचा दीड तास सहज जातो आणि प्रमाणपत्रावर तोही ‘प्रशिक्षण’ म्हणून चढतो.

ऑनलाइन कार्यक्रमात गुंतागुंत जास्त आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. बैठकीनंतर प्लॅटफॉर्म जी नोंदवही देतो तिच्यात नाव, ईमेल, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि मिनिटं असे रकाने असतात. बरेच समन्वयक ती उघडतच नाहीत. सत्राच्या शेवटी चॅटमध्ये हजेरीची लिंक टाकतात आणि जो ती भरेल तो हजर. मग ती लिंक पाचव्या मिनिटाला महाविद्यालयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पोचते आणि सत्रात कधीच न आलेले लोकही ‘हजर’ होतात. नोंदवही आणि लिंकवरची नावं शेजारी ठेवून पाहिली की हा फरक लगेच दिसतो.

पण नोंदवहीही आंधळेपणानं वापरू नये. पावसाळ्यात वीज गेली की माणूस बाहेर पडतो आणि पुन्हा येतो. एका सत्रात एकाच्या सहा-सात ओळी होतात. फक्त पहिली ओळ धरली तर प्रामाणिक माणूस नापास होतो. सगळ्या ओळींची सरसकट बेरीज केली आणि तो मोबाइल व लॅपटॉप दोन्हींवरून जोडलेला असला, तर ९० मिनिटांच्या सत्रात त्याची १७० मिनिटं भरतात. म्हणून ओळी ईमेलप्रमाणे एकत्र करा, वेळा एकमेकींवर येत असतील तिथे एकदाच मोजा, आणि सत्राच्या लांबीपेक्षा जास्त मिनिटं कुणालाच देऊ नका. ‘रेडमी नोट ९’ किंवा नुसतं ‘ए’ अशा नावानं जोडलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगा की नोंदणीचा ईमेल वापरला नाही तर हजेरी लागणार नाही. नोंदवही त्याच रात्री उतरवून ठेवा, कारण नंतर ती प्लॅटफॉर्मवर राहीलच असं नाही. रोज सकाळी आदल्या दिवसाची मिनिटं प्रत्येकाला त्याच्या वैयक्तिक ईमेलवर कळवा. ज्याला हरकत आहे तो त्याच दिवशी सांगेल, पाचव्या दिवशी भांडण होणार नाही.

ज्याचं खरोखर काही अडलं, आजारपण असेल, घरात काही झालं असेल, त्याला पुढच्या तुकडीत राहिलेली सत्रं पूर्ण करू द्या आणि तोवर प्रमाणपत्र थांबवा. माणुसकी दाखवायची ती अशी. खोटी सही करून दाखवलेली माणुसकी पाचही दिवस बसलेल्या सहकाऱ्यावर अन्याय करते.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्राध्यापक सकाळी ११ वाजता वर्गात शिकवत असतात आणि त्याच वेळी टेबलाच्या खणात ठेवलेल्या फोनवर ‘अध्यापनाची गुणवत्ता’ या विषयावरच्या सत्रात हजर असतात. आवाज बंद, कॅमेरा बंद. असं केल्यानं वर्गाचंही नीट होत नाही आणि प्रशिक्षणाचंही. दोष बहुतेक वेळा त्या शिक्षकाचा एकट्याचा नसतो. २०१८च्या नियमावलीत अशा प्रशिक्षणासाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा देता येते. पण काही ठिकाणी ‘ऑनलाइन आहे ना, मग रजा कशाला’ असं म्हणून ती नाकारली जाते, आणि प्रमाणपत्र मात्र आयक्यूएसीच्या यादीत हवं असतं. प्राचार्यांना आमची विनंती आहे: एक तर रजा द्या, नाहीतर त्या कार्यक्रमाला पाठवू नका. आयोजकांना विनंती: ऑनलाइन कार्यक्रम वर्गांच्या वेळेत ठेवू नका. रोज दुपारी साडेतीन ते साडेपाच असे पंधरा दिवस घेतले तरी ३० तासच होतात, आणि सकाळचे वर्ग वाचतात.

रजा दिली तरी प्रश्न संपत नाही. रोज चार तासिका घेणारा शिक्षक पाच दिवस गेला म्हणजे वीस तासिका गेल्या. त्या कुणी घेतल्या? रजेच्या अर्जालाच बदली तासिकांचं वेळापत्रक जोडायला लावा आणि विद्यार्थ्यांच्या सूचनाफलकावर ते लावा. शिक्षकाच्या विकासाची किंमत विद्यार्थ्याच्या वर्गातून वसूल होत असेल, तर निदान ती लिहून ठेवलेली असावी. तारखा ठरवतानाही थोडं भान हवं. आषाढीच्या दिवसांत पंढरपूर आणि वारीच्या वाटेवरच्या गावांतून शहरात येणं कठीण असतं, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सोलापुरातच वाहतूक बदललेली असते. करमाळ्याहून येणाऱ्याला शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास आहे. त्याच्यासाठी सकाळी साडेनऊचं पहिलं सत्र म्हणजे पहाटे उठणं.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. समजा, सभागृहात चाळीस जणांचा कार्यक्रम आहे आणि शुल्क १,५०० रुपये. जमा ६० हजार. चहा, नाश्ता, जेवण मिळून माणशी रोज २०० रुपये धरले, आयोजक धरून ४५ जण, पाच दिवस, तर ४५ हजार गेले. दहा व्याख्यात्यांना प्रत्येकी दोन हजार मानधन म्हणजे २० हजार. पाच हजारांची तूट, तीही कागद आणि फाइल न धरता. आता त्याच खोलीत ऐंशी जण बसवले तर जमा १ लाख २० हजार, खर्च १ लाख ५ हजार, आणि १५ हजार उरतात. चाळिसांच्या खोलीत ऐंशी जण का बसतात, याचं उत्तर या बेरजेत आहे. गटचर्चा, प्रात्यक्षिक, शंका हे सगळं तिथेच संपतं, आणि उरतात ती भाषणं. म्हणून संख्या आधी ठरवा आणि तूट येणार असेल तर महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात तिची तरतूद करून घ्या. ऑनलाइन कार्यक्रमात उलटं होतं. पाचशे जणांनी प्रत्येकी ३०० रुपये भरले तर दीड लाख जमतात. मानधनाचे २० हजार वजा केले आणि प्लॅटफॉर्मचा परवाना महाविद्यालयाकडे आधीपासून असला, तर १ लाख ३० हजार शिल्लक राहतात. त्याचं काय झालं हे शुल्क भरणाऱ्याला कळायला हवं. कार्यक्रम संपल्यापासून पंधरा दिवसांत एक पानी जमाखर्च सगळ्या सहभागींना पाठवावा.

मानधन थेट बँकेतून द्या. कोऱ्या व्हाउचरवर सही घेऊ नका, आणि दिलेल्या रकमेपेक्षा जास्त रकमेवर तर कधीच नाही. पाहुण्यांना सोलापुरी चादर किंवा टॉवेल द्यायची आपली रीत आहे आणि ती चांगली आहे, पण ती भेटही जमाखर्चात दिसू द्या. साधनव्यक्ती निवडताना ‘मी तुमच्याकडे येतो, तुम्ही माझ्याकडे या’ ही देवाणघेवाण टाळायची तर प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण लिहा: या विषयात यांनी काय काम केलं आहे. कारण लिहिता येत नसेल तर नाव बदला.

शुल्काला चिकटून येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘कार्यक्रमासोबत आयएसबीएन पुस्तकात प्रकरण, जादा ८०० रुपये’. त्या प्रकरणाची तज्ज्ञांकडून तपासणी होत नाही. पैसे भरले की छापलं जातं. प्रशिक्षणाच्या नावाखाली हे विकू नका. यूजीसीनं २०१९मध्ये सुरू केलेली विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता शिक्षकावर आणि महाविद्यालयावर आली आहे. खरं प्रशिक्षण इथे लागतं. चार-चार जणांच्या गटांना दहा नियतकालिकांची संकेतस्थळं द्या आणि साठ मिनिटांत तपासायला सांगा: आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, अधिकृत नोंदीत त्याच नावावर आहे का, संपादक मंडळातल्या लोकांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर त्याचा उल्लेख आहे का, ‘सात दिवसांत प्रसिद्धी’ असं आश्वासन आहे का, आणि शुल्क समीक्षेच्या आधी मागतात की नंतर. तासाभराच्या या कामातून जे कळतं ते तीन भाषणांतून कळत नाही.

शेवटच्या दिवशी घेतली जाणारी वीस प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी काढून टाका, असं आम्ही आग्रहानं म्हणतो. प्रश्नपत्रिका एकच असते, पहिल्यानं सोडवली की उत्तरं ग्रुपवर येतात आणि शेवटचा माणूस दोन मिनिटांत पूर्ण गुण घेतो. तिच्याऐवजी एक लेखी काम द्या, आणि ते सहभागीच्या स्वतःच्या वर्गाशी बांधलेलं असू द्या: गेल्या सत्रातली स्वतःची अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका आणा, तिच्यातला एक प्रश्न निवडा, तो काय तपासतो आणि काय तपासत नाही हे तीनशे-चारशे शब्दांत लिहा, आणि गुणदानाचा तक्ता बनवा. स्वतःची प्रश्नपत्रिका जोडलेली असल्यानं हे काम दुसऱ्याकडून उतरवता येत नाही, आणि चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तरी त्यात त्या वर्गाचं काहीच येत नाही, ते वाचताच कळतं. भाषा सुधारायला असं साधन वापरलं असेल तर तसं एका ओळीत लिहायला सांगा. प्रत्येक काम दोन सहभागींनी वाचून शेरा द्यावा आणि समन्वयकानं दहातलं एक स्वतः तपासावं.

वाङ्मयचौर्यावरच्या सत्रात एक गैरसमज हमखास पसरतो: ‘दहा टक्के चालतं’. २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर असे पुढचे स्तर आहेत. साम्य मोजताना संदर्भसूची, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांची नावं आणि सामान्य ज्ञानातले सलग १४ शब्दांपर्यंतचे भाग वगळायचे असतात. म्हणजे १० टक्के ही उतारा उचलायची परवानगी नाही. प्रकाशित लेखात ४० ते ६० टक्के साम्य सिद्ध झालं तर लेख मागे घ्यावा लागतो, एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. हे शिक्षकांना आकड्यांसह सांगा. आणि सॉफ्टवेअर काय पकडत नाही तेही सांगा: इंग्रजी लेख मराठीत उतरवला आणि श्रेय दिलं नाही, तर साम्य बहुधा शून्य येतं आणि चोरी मात्र पूर्ण असते. आपल्याकडे मराठीतून लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. त्याच्या मार्गदर्शकानं मात्र तो कधी केलेला असेलच असं नाही. मार्गदर्शकांसाठी त्याची छोटी आवृत्ती घ्यायला कुणाची हरकत नसावी.

आता नीतिमत्तेच्या सत्राबद्दल. ते शेवटच्या दिवशी जेवणानंतर ठेवू नका आणि त्यात गुरुकुलाची थोरवी सांगणारं व्याख्यान नको. ज्या नियमावलीमुळे हे प्रमाणपत्र लागतं, तिच्यातच शिक्षकाची व्यावसायिक आचारसंहिता आहे: विद्यार्थ्यांशी, सहकाऱ्यांशी, वरिष्ठांशी, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांशी, पालकांशी आणि समाजाशी कसं वागावं याची. अनेकांनी पदोन्नतीची कलमं पाठ केलेली असतात आणि हा भाग उघडलेला नसतो. त्याची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात द्या आणि एक प्रसंग सोडवायला द्या. उदाहरणादाखल असा:

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी सोलापूर शहराच्या पूर्वभागात राहते. घरची भाषा तेलुगू. आई विड्या वळते आणि मुलगी पानं कापायला मदत करते. घरात एकच चांगला मोबाइल आहे, तो भावाकडे असतो. अंतर्गत मूल्यमापनाचा गृहपाठ ऑनलाइन फॉर्मवर रात्री बारापर्यंत द्यायचा होता. तिनं तो दुसऱ्या दिवशी वहीत हातानं लिहून आणला, तिच्या मोडक्या मराठीत, पण स्वतःचा. त्याच वर्गातल्या बारा जणांचे गृहपाठ वेळेत आले आहेत आणि शब्दशः एकसारखे आहेत. गुण उद्या भरायचे आहेत. तिला किती द्याल, बारा जणांना किती, आणि विभागप्रमुखांना काय सांगाल?

नव्वद मिनिटांची विभागणी अशी करा: पाच मिनिटं शांतपणे वाचन, पाच मिनिटं प्रत्येकानं आपला निर्णय कागदावर लिहिणं, पंचवीस मिनिटं पाच-पाच जणांच्या गटात चर्चा, आठ गटांना प्रत्येकी तीन मिनिटं मांडणीला, आणि उरलेला अर्धा तास सगळ्यांनी मिळून. आधी एकट्यानं लिहायला लावणं महत्त्वाचं आहे. नाहीतर गटातले ज्येष्ठ आधी बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. एकाच महाविद्यालयाचे प्राचार्य आणि त्यांच्याकडचे तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका गटात ठेवू नका, धाकटा तोंड उघडणार नाही. बहुतेक गट आधी ‘मुलीला सहानुभूतीनं थोडे गुण द्यावेत’ इथे येऊन थांबतात. तिथे सूत्रधारानं विचारावं: ही सहानुभूती आहे की तिचा हक्क? वहीत लिहून द्यायचा पर्याय आधी का नव्हता? बारा सारखी उत्तरं येऊ शकतील असा गृहपाठ कुणी दिला? चर्चा मुलीवरून शिक्षकाच्या आखणीकडे वळली की सत्र कामी आलं असं समजा. सूत्रधारानं स्वतःचं उत्तर शेवटच्या दहा मिनिटांआधी सांगू नये. ध्वनिमुद्रण करू नये. आणि आपल्याच महाविद्यालयातला ओळखू येईल असा खरा प्रसंग नावं बदलूनही वापरू नये. सोलापुरात अशी नावं बदलून काही लपत नाही.

माहितीच्या गोपनीयतेबद्दल थोडक्यात. नोंदणी अर्जात नाव, पद, विषय, महाविद्यालय आणि ईमेल पुरे. आधार, जात, जन्मतारीख, घरचा पत्ता यांची गरज नाही. पॅन लागतो तो मानधन घेणाऱ्यांचा. सहभागींच्या मोबाइल क्रमांकांची एक्सेल ग्रुपवर टाकली की आठवड्याभरात पैसे घेऊन लेख छापणाऱ्यांचे संदेश सगळ्यांना येऊ लागतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आता आपल्यासमोर आहे, आणि कायदा नसता तरी हे चूकच होतं. नॅकसाठी जिओटॅग (ठिकाण नोंदलेली) छायाचित्रं हवी असतील तर आधी सांगा आणि ज्यांना नको असेल त्यांना बाजूला बसायची मोकळीक द्या. ऑनलाइन सत्राच्या स्क्रीनशॉटमध्ये लोकांची घरं दिसतात हे विसरू नका.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा स्वतंत्र विचार हवा. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, म्हणजे पाच दिवस प्रशिक्षणाला बसले तर पाच दिवसांची कमाई बुडते आणि वर शुल्क भरावं लागतं. मुलाखतीत मात्र त्यांना प्रमाणपत्रं विचारली जातात. त्यांचं शुल्क पूर्ण माफ करा आणि शक्य असेल तिथे त्या दिवसांच्या तासिका मोजून द्या. निवासी कार्यक्रम असेल तर लैंगिक छळ तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि क्रमांक सभागृहाच्या दारावर लावा. चर्चेची भाषा मराठी असू द्या, आणि कुणाला कन्नड, उर्दू किंवा हिंदीत मुद्दा मांडावासा वाटला तर मांडू द्या. इंग्रजी स्लाइड वाचून दाखवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

अभिप्रायाचा अर्ज आणि प्रमाणपत्र यांची सांगड तोडा. ‘अभिप्राय भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही’ असं म्हटलं की सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करतात आणि अहवालात ९८ टक्के समाधान दिसतं. अभिप्राय निनावी घ्या आणि दोन महिन्यांनी आणखी एक प्रश्न पाठवा: या कार्यक्रमानंतर वर्गात तुम्ही नेमकं काय बदललं? उत्तरं कमी येतील, पण जी येतील ती कामाची असतील.

प्रमाणपत्रावर काय असावं? एकूण तास आणि त्यातले हजर तास, कार्यक्रम ऑनलाइन होता की समोरासमोर, लेखी काम स्वीकारलं गेलं की नाही, अनुक्रमांक, आणि पडताळणीचा क्यूआर कोड. २४ तास भरले पण काम दिलं नाही, त्याला ‘सहभाग’. दोन्ही झालं, त्याला ‘पूर्णता’. तास भरले नाहीत, त्याला काहीच नाही. आणि सही त्यानंच करावी ज्यानं नोंदवही स्वतः तपासली आहे.

एक शेवटची विनंती. येत्या सत्रातल्या आपल्या पहिल्या कार्यक्रमाच्या अहवालात तीन आकडे छापा: नोंदणी किती, २४ तास पूर्ण केलेले किती, आणि लेखी काम स्वीकारलं गेलेले किती. तिन्ही ठिकाणी एकच आकडा आला, तर प्रमाणपत्रं छापायला देण्याआधी हजेरीची पानं पुन्हा एकदा काढून बघा.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील काही महाविद्यालयीन शिक्षक
सोलापूर